रेडलाइनच्या लिन कास्टनने बीएमएक्सला काय दिलं?

प्रश्न अमेरिकेतल्या एका मराठी वडिलांचा आहे. त्यांची मुलगी गावातल्या यूएसए बीएमएक्स या संघटनेच्या ट्रॅकवर, म्हणजे उड्या-वळणांच्या मातीच्या ट्रॅकवर, छोट्या सायकलची रेस करते. त्यांना एका गॅरेज सेलमध्ये रेडलाइन कंपनीचा जुना फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि फ्लाइट क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्यांची, जोडी मिळाली. ट्रॅकवरच्या जुन्या मंडळींनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, ‘हे लिन कास्टनचं काम.’ वडिलांना दोन गोष्टी हव्या आहेत. नळीला नळी वेल्ड करण्यात एवढा कसला शोध? आणि हे भाग मुलीच्या सायकलला लावावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: लावू नका. कारणं शेवटी सांगतो. पहिल्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

मी मूळचा फॅब्रिकेशनवाला. सुरुवात कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत पाइप-पत्र्याच्या कामापासून झाली. आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात सायकलच्या फ्रेम बनवतो आणि दुरुस्त करतो, आणि दुरुस्तीला जुन्या बीएमएक्स भरपूर येतात. त्यामुळे माझी नजर वेल्डरची आहे. रेसिंगच्या बाजूने बघणाऱ्याला कास्टनपेक्षा त्याच्या क्रँकवर उभा राहून पळणारा रेसर स्टू टॉमसन मोठा वाटेल, आणि त्याचंही बरोबर आहे.

बीएमएक्स सुरू झालं तेव्हा बीएमएक्सची सायकल अस्तित्वातच नव्हती. श्विनने १९६३ मध्ये स्टिंग-रे काढली: वीस इंची चाकं, उंच हँडल, लांबोडकी केळ्याच्या आकाराची सीट. गल्लीत मिरवायची सायकल. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती मातीत घातली, कारण मोटोक्रॉस त्यांना बघायला मिळत होतं आणि मोटारसायकल परवडत नव्हती. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कमध्ये शर्यती सुरू झाल्या. १९७० मध्ये लाँग बीचला तेरा वर्षांच्या स्कॉट ब्रेटहॉप्टने रिकाम्या जागेत ट्रॅक उभा केला, मोटोक्रॉसमध्ये जिंकलेल्या स्वतःच्या ट्रॉफ्या बक्षीस म्हणून वाटल्या आणि पुढे त्याला ‘बम्स’ नावाच्या संघटनेचं रूप दिलं. खेळ उभा राहिला तो असा. पण प्रत्येक शर्यतीनंतर पोरं काहीतरी मोडकं घेऊन घरी जायची.

काय मोडायचं? जवळजवळ सगळंच. उडी मारून खाली आलं की चाकाचा आठ व्हायचा. फोर्क मागे सरकायचा आणि पुढचं चाक डाउनट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला, टेकायचं. हँडल क्लँपमध्ये फिरायचं. क्रँक वाकायचा. त्या वेळच्या सायकल कारखान्यांना यात फारसा रस नव्हता. त्यांच्या लेखी ही लहान मुलांची सायकल होती आणि लहान मुलं सायकल मोडणारच.

रस घेतला तो वेगळ्याच लोकांनी. गॅरी टर्नर ड्रॅग रेसच्या गाड्यांच्या चॅसी वेल्ड करायचा. त्याने स्वतःच्या मुलासाठी फ्रेम बनवली आणि त्यातून पुढे जीटी कंपनी झाली. स्किप हेसने सिमी व्हॅलीतल्या गॅरेजमधून मोटोमॅग हे ओतीव चाक काढलं आणि त्यातून पुढे मॉंगूस आलं. जिम ॲली रेसिंग कारचे भाग बनवायचा, त्याची फ्लोरिडातली प्रोफाइल रेसिंग आजही क्रँक बनवते. आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन फर्नांडो व्हॅलीत, लिन कास्टन आणि माइक कॉन्ले यांनी १९७० मध्ये रेडलाइन सुरू केली ती मोटारसायकलच्या फ्रेमसाठी. यातला एकही सायकलच्या धंद्यात मुरलेला नव्हता. माझ्या मते तेच त्यांचं बळ होतं. सायकल कशी ‘असते’ हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं नव्हतं. शर्यतीत काय तुटतं आणि का तुटतं, एवढंच त्यांना पाठ होतं.

कास्टनची फ्रेम प्रामुख्याने फ्लॅट ट्रॅकच्या मोटारसायकलींसाठी. अंडाकृती मातीचा ट्रॅक, गाडी आडवी घसरवत वळण घ्यायचं. असल्या फ्रेमच्या कामात ४१३० क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची, नळी रोज हातात असते. जोडाच्या कोनानुसार तोंडाला माशाच्या तोंडासारखा फिशमाउथ कट द्यायचा, कागदही जाणार नाही अशी फट जुळवायची, जिगमध्ये घट्ट धरून टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारायचे आणि मग टिग वेल्डिंगने बीड, म्हणजे वेल्डची सलग रेघ, ओढायचा. ज्याचे हात या कामाला बसले आहेत, त्याने वाकलेला सायकल फोर्क पाहिला की पहिला विचार येतो तो एकच: हा नळीचा का नाही?

रेडलाइनचा नळीचा क्रोमोली फोर्क १९७४ मध्ये आला. त्याआधीचे फोर्क साधारण दोन जातीचे होते. एक श्विनसारखा, भरीव पट्टीचा, घडीव पोलादाचा: दणकट पण जड, आणि मार बसला की तोही वाकायचाच. दुसरा नेहमीच्या सायकलचा: खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पातळ पायांचा, वर क्राउनमध्ये, म्हणजे दोन्ही पाय जिथे मिळतात त्या जोडात, पितळेने जोडलेला (ब्रेझिंग). तो क्राउनच्या खालीच मान टाकायचा. नव्या पद्धतीत दोन सरळ नळ्या आणि वर हँडलपर्यंत जाणारी स्टिअरर ट्यूब, सगळं वेल्ड करून एकजीव. सरळ नळीच्या फोर्कमध्ये पुढचा झोक देण्यासाठी पाय वाकवावा लागत नाही. खालचा ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा आस बसतो ती पट्टी, नळीच्या थोडा पुढे वेल्ड केला की काम होतं. पाय वाकवायचाच नाही म्हटल्यावर मोठ्या व्यासाची नळी वापरता येते, आणि खरी कमाई तिथे आहे.

आकडे मांडतो म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. हे रेडलाइनच्या ड्रॉइंगमधले नाहीत, समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा फोर्कचा पाय १६ मिलिमीटर व्यासाचा भरीव गज आहे. त्याचं छेदक्षेत्र साधारण २०१ चौरस मिलिमीटर. त्याच्या जागी नऊ सुताची, म्हणजे २८.६ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची आणि १.६५ मिलिमीटर जाडीची नळी घ्या. छेदक्षेत्र साधारण १४०. म्हणजे पोलाद ३० टक्के कमी. पण वाकवण्याला होणारा विरोध सेक्शन मॉड्युलसने मोजला तर गजाचा येतो ४०२ घन मिलिमीटर आणि नळीचा ८९०. दुपटीहून जास्त. कडकपणा तर जवळजवळ चौपट. वजन कमी करूनही एवढं मिळतं, ते केवळ पोलाद मध्यापासून दूर नेल्यामुळे.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. ‘क्रोमोली साध्या पोलादापेक्षा कडक असतं’ असं ट्रॅकवर सगळे म्हणतात. नसतं. माइल्ड स्टील असो की क्रोमोली, स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो. त्याच मापाच्या दोन नळ्या सारख्याच लवतात. फरक आहे तो कायमचं वाकण्याआधी किती भार सोसते यात. ४१३० मध्ये साधारण ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे तिचा यील्ड, म्हणजे ही भाराची मर्यादा, बराच वर जातो. त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते, आणि पातळ भिंत परवडली की व्यास वाढवता येतो. कडकपणा येतो तो व्यासातून. क्रोमोलीने फक्त ती मोकळीक दिली. कास्टनला हे मोटारसायकलींमुळे हातानेच ठाऊक असणार. 

फोर्क मजबूत झाला, मग पुढे? मजबूत भाग भार गिळत नाही, तो पुढच्याकडे ढकलतो. कौलारू छपराचं जसं होतं, एका जागची गळती बुजवली की पाणी पुढच्या कौलातून उतरतं. पूर्वी फोर्क वाकायचा आणि फ्रेम वाचायची. आता फोर्क सरळ राहतो आणि हेडट्यूब, म्हणजे स्टिअरर ज्यात बसतो ती फ्रेमची पुढची नळी, मागे रेटली जाते. माझ्याकडे जुनी बीएमएक्स आली की मी आधी हात घालतो तो हेडट्यूबच्या लगेच मागे, डाउनट्यूबच्या खालच्या अंगाला. अंगठा फिरवला की रंगाखाली बारीक सुरकुती लागते. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळते. ती लागली की फ्रेम समोरून जोरात आपटलेली आहे, विकणारा काहीही सांगो. त्या काळात फ्रेमच्या या कोपऱ्यात गसेटच्या तिकोनी पट्ट्या आल्या त्या याच कारणाने.

चाकांचं उत्तर हेसच्या मोटोमॅगने दिलं आणि रेडिंगच्या स्कायवेने नायलॉनच्या टफ व्हीलने. दोन्ही सहजासहजी वाकत नव्हती, पण जड होती. पुढे चांगल्या ॲल्युमिनियमच्या रिम मिळू लागल्या आणि रेसर मंडळी तारांच्या चाकांवर परतली. स्टेमचा, म्हणजे हँडल धरणाऱ्या भागाचा, प्रश्न चार बोल्टच्या टफ-नेकसारख्या क्लँपने सोडवला. रेडलाइनने व्ही-बार हँडल आणि स्वतःच्या फ्रेमही काढल्या. त्यातली ‘स्क्वेअरबॅक’ आज संग्राहकांची लाडकी आहे. मी त्यात फार शिरत नाही. फ्रेम अनेकांनी चांगल्या केल्या.

क्रँकचं मात्र तसं नाही. तिथे कास्टनचं नाव वेगळं काढावं लागतं.

अमेरिकन सायकलींना तेव्हा वन-पीस क्रँक असायचा. शिकागोच्या विल्यम फॉबरचं हे १८९० च्या दशकातलं डिझाइन: पोलादाचा एकच गज वाकवून उजवा हात, मधला आस आणि डावा हात असा सलग तुकडा. ओहायोतल्या ॲश्टाब्युला गावावरून लोक त्याला ॲश्टाब्युला क्रँकच म्हणतात. आपल्याकडच्या काळ्या सायकलला बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक फिरतो ती जागा) एक्सल वेगळा आणि दोन्ही बाजूंचे क्रँक कॉटर पिनने ठोकलेले, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फरक लगेच कळेल. वन-पीसला ना कॉटर, ना ठोकाठोकी. स्वस्त, कोणालाही खोलता येतो, सहसा ढिला होत नाही. फक्त तो सबंध वाकडा क्रँक फ्रेममधून ओवून काढावा लागतो, म्हणून अमेरिकन बीबी शेल, म्हणजे बीबी बसते ती फ्रेमची आडवी नळी, ५१.३ मिलिमीटरचं भलंमोठं भोक असतं, आट्यांशिवाय, दोन्ही बाजूंनी कप ठोकून बसवलेलं.

आता या क्रँकवर रेस करा. बीएमएक्सची शर्यत अर्ध्या-पाऊण मिनिटाची. गेटवर आठ जण उभे, गेट पडलं की पहिल्या दोन-तीन पेडलमध्ये निम्मा निकाल लागतो. एकच गिअर, त्या काळचं लोकप्रिय प्रमाण ४४ ला १६ (पुढे ४४ दाते, मागे १६). थांबलेल्या सायकलला हलवायचंय, सगळं वजन एका पेडलवर, वर हँडल ओढून आणखी जोर. नुसतं १०० किलो वजन १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर आडवं पडलं तरी १७० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क होतो. शिवाय पाय क्रँकच्या रेषेत नसतो, पेडलमुळे तो बराच बाहेर असतो. म्हणजे क्रँकचा हात वाकतो आणि त्याच वेळी पिळलाही जातो. डाव्या पायाचा जोर तर आसातून पिळत उजवीकडच्या चेनव्हीलपर्यंत जायचा. उडीवरून उतरताना दोन्ही पेडल आडवी, एक पाय पुढे, एक मागे. दोन्ही पायांचा भार आसाला एकमेकांविरुद्ध पिळतो. भरीव गजाचा क्रँक हे सहन करत करत थोडा थोडा कायमचा वाकत जातो. स्वाराला ते आधी तळपायात कळतं, दर फेऱ्याला पाय आत-बाहेर डुलतो. मग चेनव्हील डगमगायला लागतं आणि चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली.

जपानी कंपन्यांनी, विशेषतः ताकागीने, क्रोमोलीचे वन-पीस काढले. ते बरेच टिकायचे, पण आकार तोच. १९८० च्या सुमारास रेडलाइनने फ्लाइट क्रँक आणले: पोकळ क्रोमोलीचे वेल्ड केलेले हात, आस वेगळा, तीन तुकडे. फोर्कला जे केलं तेच इथे, पण इथे त्याचा फायदा आणखी मोठा आहे, कारण पिळाला विरोध करण्यात बंद नळीसारखा छेद नाही. आणि भाग वेगळे असल्यामुळे एक हात गेला तर सबंध क्रँक फेकायची गरज नाही. स्टू टॉमसन त्या काळातला आडदांड, ताकदीवर जिंकणारा रेसर. तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रेडलाइनकडून पळायचा. त्याच्या पायाखाली दर शनिवार-रविवारी टिकणारा क्रँक ही कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी जाहिरात होती.

मला सगळ्यात हुशारीची वाटते ती दुसरीच गोष्ट. नवा क्रँक त्याच जुन्या अमेरिकन बीबी शेलमध्ये बसायचा. नवीन फ्रेम घ्यायची गरज नव्हती. पोरगं हायस्कूलच्या सुट्टीत पैसे साठवायचं, एक भाग घ्यायचं आणि आहे त्याच सायकलला लावायचं. बीएमएक्सची सगळी बाजारपेठ अशी सुट्या भागांवर वाढली. वडील अख्खी सायकल एकदाच घेऊन देतात, बाकीचं पोरगं स्वतः जमवतं. मूळ शेलचं भोक एवढं मोठं होतं म्हणून त्यात मोठं बेअरिंग आणि जाड आस दोन्ही मावले, हा फॉबरच्या डिझाइनचा ऐंशी-नव्वद वर्षांनी मिळालेला फायदा.

मग हा शोध का? पोकळ नळी भरीव गजापेक्षा चांगली हे कास्टनने शोधलं नाही, ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तीन तुकड्यांचा क्रँकही जुनाच, आपल्या कॉटरवाल्या सायकलीत तोच आहे. जिम ॲलीही त्याच सुमारास पोकळ क्रँकवर काम करत होता, आणि प्रोफाइलचा ४८ दात्यांच्या स्प्लाइनचा आस दीर्घकाळ टिकला. आज फ्रीस्टाइलवाल्यांकडे, म्हणजे सायकलवर कसरती करणाऱ्यांकडे, जास्त तो वंश दिसतो. ‘पहिला कोण’ यावर जुनी मंडळी तासन्तास भांडतात, मला त्या भांडणात गोडी नाही. माझा हिशेब असा: फोर्क आणि क्रँक, या दोन जागी, कास्टनने काम हाती घेण्याआधी मुलांच्या सायकलला नेहमीचं मानलं जाणारं काहीतरी होतं, आणि त्यानंतर ते वरच्या दर्जाच्या रेसिंगमधून मागे पडत गेलं. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या सायकलला रेसिंग मोटारसायकलचं धातुकाम लावायचं हे तेव्हा अनेकांना वेडेपणाच वाटलं असणार. किंमतही तशीच होती. एवढं पुरे आहे मला.

कास्टनची नळी आज रेसिंगमध्ये राहिली आहे का, हेही सांगायला हवं. फ्रेममध्ये जवळजवळ नाही. २००८ मध्ये बीजिंगला बीएमएक्स ऑलिम्पिकमध्ये गेलं, स्टार्ट हिल उंच झाली, वेग वाढला. आता रेस फ्रेम ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या, फोर्क बहुतेक कार्बनचा, क्रँकही बऱ्याच जणांचे पोकळ ॲल्युमिनियमचे. क्रोमोली स्ट्रीट आणि पार्कवाल्यांकडे गेली, कारण ते सायकल काँक्रीटवर आपटतात आणि त्यांना ग्रॅमपेक्षा टिकाऊपणा हवा. धातू बदलला, पण मोठा व्यास, पातळ भिंत आणि बंद छेद तसाच आहे.

आता तुमच्या गॅरेज सेलच्या मालाकडे. फोर्क आधी. तो बहुधा एक इंची, आट्यांच्या स्टिअररचा असेल. मुलीची रेस फ्रेम अलीकडची असेल तर तिला १⅛ इंची, बिनआट्याचा किंवा खाली रुंद होणारा स्टिअरर लागतो. रिड्यूसर घालून बसवता येईल, पण कशासाठी? पोकळ वेल्ड कामात गॅस बाहेर पडायला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यातून वर्षानुवर्षं पाणी आत जातं. फोर्क उलटा करून खडखड हलवा. आतून गंजाची भुकटी पडली तर बाहेरचं क्रोम कितीही चमकलं तरी भिंत किती उरली आहे कोण सांगणार.

क्रँकला तपासायच्या जागा दोन: पेडलच्या बॉसचं (पेडल ज्यात बसतं त्या जाड तोंडाचं) वेल्ड आणि आसाच्या बॉसचं वेल्ड. दोन्हीकडे बीडच्या अगदी कडेने, जिथे वेल्ड संपून नळी सुरू होते, तिथून तडा सुरू होतो. पुण्या-कोल्हापुरात असाल तर कुठल्याही फौंड्री-फॅब्रिकेशनच्या इन्स्पेक्शनमध्ये डाय पेनिट्रंट टेस्ट होते: लाल द्रव फवारा, थोडा वेळ थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. अमेरिकेत ते किट वेल्डिंगच्या दुकानात मिळतं. पण क्रोम असलेल्या भागावर या टेस्टवर भरवसा ठेवू नका. क्रोमच्या थरालाच सूक्ष्म भेगा असतात, त्या लाल होतात आणि खरा तडा त्यात हरवतो. क्रोम काढायला अ‍ॅसिडमध्ये टाकाल तर संग्राहकाच्या लेखी वस्तूची किंमत गेली. म्हणजे चालवायचं असेल तर नीट तपासता येत नाही आणि तपासायचं म्हटलं तर वस्तू खराब होते. म्हणून म्हणतो, भिंतीवर लावा. ट्रॅकवर हे मोडून मुलगी पडावी यात काही अर्थ नाही.

तरीही एखाद्या जुन्या फ्रेमवर बसवून रविवारी हळूहळू फिरवायचंच असेल, तर फ्रेमला अमेरिकन शेल आहे ना ते बघा. आणि त्या फ्रेमवरची जुनी पेडल या क्रँकला लावायला जाऊ नका. वन-पीसची पेडल अर्ध्या इंचाची, म्हणजे चार सुताच्या आट्याची असतात आणि तीन तुकड्यांच्या क्रँकला सहसा साडेचार सुताची लागतात. लहान पेडल मोठ्या भोकात आटे धरतच नाही, नुसतं सैल राहतं. साडेचार सुताची नवी जोडी घ्या, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे ध्यानात ठेवा आणि बसवण्याआधी आट्यांना ग्रीस लावा.